गृहभेट

सकाळचा चहा चालू असताना दोन फोन एकदमच वाजले. एक त्याच्या शर्टाच्या खिशात आणि दुसरा फ्रिजवर, ताईचा. आवाज दोन्हींचा सारखा, कारण ताईकडे होता तो त्याचाच जुना फोन, आणि तो देताना त्याने आवाजसुद्धा बदलला नव्हता. कसला निरोप आहे हे न बघताच त्याला कळलं. महिनाभर भिंतींवर, बसच्या पाठीवर, दुधाच्या पिशवीवरसुद्धा तेच छापलेलं होतं: सरकारकडून ठरावीक रक्कम, सर्वांना, दरमहा, विनाअट. तरी त्याने फोन काढून पाहिला. मग सवयीने ताईच्या फोनसाठी हात पुढे केला. ताईला आलेला प्रत्येक निरोप आधी तोच वाचत असे, तिच्या चष्म्याचं काही खरं नाही म्हणून. ताईने फोन दिला नाही. तिने तो डोळ्यांपासून लांब धरून ओठ हलवत स्वतः वाचला, स्वेटरच्या खिशात ठेवला, कपातला उरलेला चहा संपवला आणि म्हणाली, "मी एक खोली बघून ठेवलीय. पुढच्या महिन्यात जाईन म्हणते." बायको ओट्याशी उभी होती. तिने वळूनही पाहिलं नाही, म्हणजे तिला हे आधीपासून ठाऊक होतं. आणि त्याने काही ठरवायच्या आत त्याच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला. "कशाला?"

त्या सकाळला आता बरेच महिने उलटले होते. ताई गेली होती आणि आज, रविवारी दुपारी, तो पहिल्यांदाच तिच्याकडे निघाला होता. इतके दिवस तो गेला नाही याचं कारण साधं होतं. ती आपल्या पायांनी परत येईल याची त्याला खात्री होती. पहिल्या महिन्यातच तोंडावर आपटेल, असं तो बायकोला म्हणाला होता. दुसऱ्या महिन्यात म्हणाला, जरा भाडं वाढू दे, मग बघ. त्यानंतर काही म्हणाला नाही. आज मात्र त्याने बायकोला सांगून ठेवलं होतं की पॅसेजमधल्या ताईच्या खाटेवर धुतलेली चादर घाल, संध्याकाळी दोघं परत येऊ. बायकोने चादर काही काढली नाही. ती एवढंच म्हणाली, "अहो, नुसतं भेटून या. बाकी काही करू नका." बाकी काही म्हणजे काय, हे विचारायला तो थांबला नाही. रस्त्याने चालताना मात्र ते वाक्य चपलेत खडा शिरल्यासारखं टोचत राहिलं. बाकी काय करणार होता तो? बहिणीला घरी आणणार होता. ती आली म्हणजे सगळं जागच्या जागी बसेल. खाटेवर माणूस असेल, जेवताना कुणीतरी मीठ पुढे सरकवेल, आणि आपण ताईला इतकी वर्षं सांभाळलं हे वाक्य चारचौघांत पुन्हा म्हणता येईल. ती आली नाही तर त्या वाक्याचं काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं. माणूस भाकरीसाठी राबतो, घाम गाळतो, आणि त्या भाकरीतली अर्धी दुसऱ्याला देतो तेव्हा त्याला माणूस म्हणतात. आता सरकारच सगळ्यांच्या ताटात वाढणार म्हटल्यावर द्यायचं कुणी आणि घ्यायचं कुणी?

रस्ता रिकामा होता. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर पूर्वी दोन बायका बसत. आता तिथे काळ्या काचेची दोन यंत्रं उभी होती आणि गिऱ्हाइकं त्यांच्यासमोर मुकाट्याने आपापल्या वस्तू फिरवत होती. त्या बायका आता काय करत असतील? फुकट खात असतील, दुसरं काय, असं त्याने मनाशीच म्हणून टाकलं आणि त्याला जरा बरं वाटलं. हल्ली त्याचं असंच चाललं होतं. बागेच्या कट्ट्यावर तरणाताठा मुलगा भर दुपारी पुस्तक घेऊन पडलेला दिसला की फुकट्या. शेजारचा ड्रायव्हर रात्रपाळी सोडून पोरीला शाळेत पोचवायला लागला की फुकट्या. खालच्या मजल्यावरची नर्स, जिने म्हाताऱ्या आईसाठी निम्मं काम कमी करून घेतलं, तीसुद्धा. सगळं शहर त्याच्या खिशात हात घालून उभं आहे असं त्याला वाटे. तेवढीच रक्कम त्याच्याही खात्यावर दर महिन्याला येत होती, आणि त्याने ती परत केली नव्हती, हा विचार मात्र त्याला कधी बसमध्ये, कधी दाढी करताना गाठायचा आणि त्याचा तिळपापड व्हायचा. त्याला ती रक्कम कुणीही, काहीही न विचारता दिली होती. त्याचं दार कुणी ठोठावलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांची दारं ठोठावलेल्या माणसाला हे अपमानासारखं लागलं.

कारण तेच त्याचं काम होतं. सहायता कार्यालयाच्या पडताळणी विभागात तो गृहभेटीवर जाई. ज्यांनी मदतीसाठी अर्ज केलाय ते खरोखर गरजू आहेत की नाही, हे त्यांच्या घरात शिरून बघायचं. न कळवता जायचं, हा पहिला नियम. जिना चढताना पावलांचा आवाज करायचा नाही. दार उघडलं की बोलत बोलत आत सरकायचं, आणि बोलणं चालू असताना डोळे कामाला लावायचे. दाराआड पुरुषाचे बूट आहेत का. शेगडीला हात लावायचा, कोमट आहे का. डब्याचं झाकण उचलायचं. आणि सरळ न्हाणीघरात जाऊन दात घासायचे ब्रश मोजायचे, कारण बाई एकटी राहते म्हणाली आणि पेल्यात दोन ब्रश ओले निघाले, की अर्ज तिथेच निकाली. ब्रश कधी खोटं बोलत नाही, असं तो नव्या लोकांना शिकवताना म्हणत असे. त्याच्या भागातल्या बायकांनी त्याला बोका असं नाव ठेवलं होतं. झाकणं उचलून हुंगतो म्हणून. हे त्याला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. डोळ्यांत तेल घालून काम केल्याशिवाय असलं नाव मिळत नाही. आणखी एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता, पण विभागात सगळे पाळत. ज्या घराची तपासणी करायची त्या घरचं पाणी प्यायचं नाही. चहा तर दूरच. भर उन्हात चार मजले चढून गेलं तरी, समोर भरलेला पेला आला तरी, हात वर करून नको म्हणायचं. एकदा पाणी प्यालं की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याला डबे उघडता येत नाहीत. त्याने हा नियम इतक्या वर्षांत एकदाही मोडला नव्हता. घशाला कोरड पडायची, जीभ टाळूला चिकटायची, पण हात वर जायचाच.

विभाग बंद करण्यापूर्वी त्या सगळ्यांना एका सभागृहात बसवून नव्या योजनेतल्या एका मुलीने समजावून सांगितलं होतं की पडताळणी आता का नको. मुलगीच म्हणायची, त्याच्या निम्म्याही वयाची नसेल, केस कापलेले, बोलताना हातातल्या पेनाचं टोपण उघडबंद करणारी. ती म्हणाली, गरजू कोण हे शोधण्यात इतका खर्च होतो आणि तरी जे सगळ्यांत गरजू ते लाजेने अर्जच करत नाहीत. ती म्हणाली, तुम्ही मदत देता आणि माणूस दोन पैसे कमवायला लागला की ती काढून घेता, मग तो कमवेल कशाला? यंत्रं आता लोकांची कामं घेतायत, जो नफा होतोय तो सगळ्यांच्याच शहाणपणातून आलाय, तर त्यातला एक तुकडा सगळ्यांना मिळाला तर बिघडलं कुठे? माणसाला उद्याच्या जेवणाची भीती नसली की तो वाईट मालकाला नाही म्हणू शकतो, आजाऱ्याची सेवा करू शकतो, शिकू शकतो. हे सगळं तिने असं सांगितलं, जणू हवामान सांगतेय. मागच्या रांगेतून त्याने उभं राहून विचारलं होतं की ज्यांना नकोय त्यांनाही द्यायचं का, श्रीमंतांना, आळशांना, दारुड्यांना? ती हसली. तिरकं नाही, अगदी साधं हसली, त्याचाच त्याला जास्त राग आला. "श्रीमंतांकडून करात परत येईल," ती म्हणाली. "आणि बाकीच्यांचं म्हणाल तर रस्त्यावर दिवा लावताना खालून कोण जाणार ते आपण विचारतो का?" तो खाली बसला. मग जिना उतरताना त्याला उत्तर सुचलं, की दिवा चोरालाही उजेड देतो, पण तोवर ती मुलगी गाडीत बसून निघून गेली होती. ते उत्तर त्याच्याजवळ तसंच पडून राहिलं. नंतर त्याची नेमणूक भांडार विभागात झाली. तिथे तो कार्यालयाच्या जुन्या खुर्च्यांवर आकडे घालतो, आणि खुर्च्या काही लपवत नाहीत.

घर सोडताना ताईलाही वाटलं असेल का तसं, त्या मुलीसारखं? ताईने कधी असलं काही बोलून दाखवलं नव्हतं. ती फार बोलतच नसे. लग्नाआधीपासून ती एका सिनेमागृहाच्या तिकीट खिडकीत बसायची. अर्धगोल भोकातून फक्त तिचे हात दिसत. लहानपणी तो त्या भोकापाशी टाचा उंचावून उभा राहायचा आणि आतून तिची बोटं यायची, त्यांत कधी गोळी, कधी फाटलेल्या तिकिटांचा जुडगा. मग खिडकीच्या जागी यंत्र आलं, त्याच सुमारास मेहुणे गेले, आणि ताई एक पेटी घेऊन त्याच्याकडे आली. त्याने लगेच ये म्हटलं. एका क्षणाचाही विचार केला नाही, आणि त्याने ते कधी बोलूनही दाखवलं नाही, फारसं. तिला काही कमी पडू दिलं नाही. तिने मागितलं आणि त्याने नाही म्हटलं, असं एकदाही घडलं नव्हतं. तो फक्त विचारायचा, कशाला. चष्मा हवाय, कशाला? अक्षरं नाचतात. मग तिला खोलीच्या या टोकाला उभं करून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावायचं आणि खरंच नाचतात म्हटल्यावर चष्मा. बसचे पैसे हवेत, कशाला? मैत्रिणीला भेटायला. कुठली मैत्रीण? मग बसचे पैसे. यात वाईट काय होतं? विचारणं म्हणजे काळजीच की. हळूहळू तिचं मागणं कमी होत गेलं आणि त्याला वाटलं की बहीण आता समाधानी आहे.

एकदा मात्र तिने त्याला न विचारता त्याच्याच कार्यालयात अर्ज केला होता. मदतीचा. ते कळलं तेव्हा त्याला भर ऑफिसात तोंडात मारल्यासारखं झालं. अर्ज नियमाप्रमाणे त्याच्याकडे आला नाही, दुसऱ्या भागातला एक सहकारी गृहभेटीला त्याच्या घरी आला. तोही न कळवता. त्याने बूट पाहिले, शेगडीला हात लावला, न्हाणीघरात जाऊन आला. ताई स्वयंपाकघराच्या दाराशी तिच्या त्या बुटक्या स्टुलावरून उठून उभी राहिली होती, दोन्ही हात पुढे एकमेकांत गुंतवून. मग आत जाऊन तिने ट्रेमध्ये पाण्याचा पेला आणला, चांगल्यातला, नक्षीचा. सहकाऱ्याने हात वर केला. ताईला कळेना, तिने पुन्हा पुढे केला, त्याने पुन्हा हात वर केला आणि ताई पेला घेऊन तशीच उभी राहिली. मग तिथेच उभ्या असलेल्या यानेच सहकाऱ्याला सांगून टाकलं की या घरात कुणी उपाशी नाही, घर एकच, चूल एक, कमावता भाऊ आहे. नियमही तसाच होता. कमावता माणूस ज्या घरात आहे त्या घरातल्या कुणालाच वेगळं काही मिळत नसे. अर्ज फेटाळला गेला. त्या रात्री जेवताना त्याने ताईला हसत हसत समजावलं होतं, की अगं, पाणी नाही प्याला म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, आमचा नियमच आहे तो. प्यालं की पाहुणा, नाही प्यालं की तपासनीस. ताईने मान डोलावली होती आणि त्याच्या ताटात भात वाढला होता. सहकाऱ्याने ओळखीच्या घरातही नियम मोडला नाही याचं त्याला तेव्हा कौतुक वाटलं होतं, आणि आजही वाटत होतं.

ताईचा पत्ता त्याच्याच जुन्या भागातला होता, हे त्याला गल्लीत शिरल्यावर नीट जाणवलं. इथलं प्रत्येक दार त्याला पाठ होतं. इथे तिसऱ्या मजल्यावर खोकणारा शिंपी, समोर लपवलेला टीव्ही, आणि या कोपऱ्यात इस्त्रीवाली. तिची केस त्याची सगळ्यांत नावाजलेली. मदत घेत असे आणि एका इस्त्रीवर भागवते म्हणून सांगे, कारण दोन इस्त्र्यांइतकं कमावलं असतं तर मदत बंद झाली असती. खोलीत शिरताच त्याला कापड जळल्याचा वास आला होता. टेबलावरची इस्त्री गार होती. त्याने बोलता बोलता वाकून खाटेखाली हात घातला, आणि हाताला चटका बसला. दुसरी इस्त्री खाली, जमिनीवर, फडक्यात गुंडाळलेली, आणि फडकं खालून काळं पडत चाललेलं. तो चटका बरेच दिवस बोटांवर होता आणि ऑफिसात तो सगळ्यांना दाखवत असे. ताकीद मिळाल्यावर तिने एकाच इस्त्रीवर काम चालू ठेवलं, म्हणजे मदत घेण्यासाठी कमी काम करत राहिली, आणि यात काही विचित्र आहे असं त्याला कधी वाटलं नाही. आज तिथे रस्त्यावर उघडणारं दुकान होतं. उघड्या दारातून दोन टेबलं दिसत होती, दोन इस्त्र्या, आणि दुसऱ्या टेबलावर एक पोक्त बाई काम करत होती. म्हणजे इस्त्रीवाली फुकटचे पैसे खात बसली नव्हती, उलट दुप्पट काम करत होती. हा हिशेब त्याला अजिबात आवडला नाही. इस्त्रीवालीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याने छाती जरा पुढे काढली. आता ही शिव्या देईल, दार लावेल, निदान तोंड फिरवेल, असं त्याला वाटलं, आणि त्या सगळ्याची त्याची तयारी होती. ती म्हणाली, "कपडे टाकायचेत का? आज दिलेत तर परवा मिळतील." तिने त्याला ओळखलंच नव्हतं. तो नाही म्हणून पुढे निघाला. त्याच्या लक्षात घरं होती, शेगड्या होत्या, खाटांच्या खालचा अंधार होता, आणि तिच्या लक्षात तो नव्हता. बोटं उगाचच चुरचुरायला लागली.

जिना चढताना त्याने पावलांचा आवाज केला नाही. मुद्दाम नव्हे, या गल्लीतले जिने त्याच्या पायांना तसेच चढता येत. येतोय म्हणून त्याने फोनही केला नव्हता, तेही मुद्दाम नव्हे. ताई गेली त्या दिवशीचं त्याला सारखं आठवत होतं. तिने घरातून काहीच मागितलं नाही, भांडं नाही, पांघरूण नाही. पेटी भरून झाल्यावर एवढंच म्हणाली, "ते स्टूल नेऊ का?" स्वयंपाकघराच्या दाराशी ज्यावर ती बसायची ते. बुटकं, एका पायाखाली कागदाची घडी लावलेलं. घरात खुर्च्या चार होत्या पण ताई कधी खुर्चीवर बसल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि तिला कुणी नको म्हटल्याचंही आठवत नव्हतं. स्टूल कशाला, असं त्याने विचारलं होतं. "कुणी आलं तर बसायला." तो तेव्हा मनात हसला होता. हिच्याकडे कोण येणार?

दार ताईने उघडलं. तिला आनंद झाला, ते स्पष्ट दिसलं. "अरे छोट्या," ती म्हणाली आणि बाजूला झाली. या नावाने त्याला हाक मारणारं जगात आता तेवढंच एक माणूस उरलं होतं, आणि ते ऐकून त्याच्या छातीत काहीतरी एकदम सैल झालं, रडू येईल की काय असं वाटलं. त्याला ती हवी होती. खाट भरायला नाही, वाक्य पुरं करायलाही नाही, नुसतीच हवी होती. हे त्याने तेव्हाच बोलून टाकलं असतं तर कदाचित वेगळं काही घडलं असतं. पण तो बोलत बोलत आत सरकला. खोली लहान होती, उजेडाची. खिडकीशी हात असलेली एक खुर्ची होती, जुनी, एका हाताचं कापड विरलेलं, आणि तिच्यावर ताई बसली, सरळ, जणू ती कायम तिथेच बसत होती. बसायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा तो स्टुलावर बसला. गुडघे छातीशी आले. खालून ताई उंच दिसत होती. तिने विचारलं, बायको कशी आहे, गुडघा दुखतो का अजून, भांडारात करमतं का. तो उत्तरं देत होता, चांगली उत्तरं देत होता, आणि हसतही होता. ताई सांगत होती की सकाळी ती खालच्या इस्त्रीवालीकडे कपड्यांच्या घड्या घालते, तिला ते आवडतं, मनात आलं तर जात नाही. तो उठला. उठून ओट्याशी गेला, काय छान ओटा आहे म्हणत त्याने शेगडीवर तळहात टेकवला. कोमट होती. कोपऱ्यातल्या डब्याचं झाकण उचलून त्याने आत पाहिलं आणि झाकण परत लावलं. हात धुऊन येतो म्हणाला आणि न्हाणीघरात गेला, आणि नळ सोडायच्या आधी त्याची नजर काचेच्या पेल्याकडे गेली. पेल्यात ब्रश दोन होते. त्याने अंगठ्याने दोन्हींचे केस दाबून पाहिले. दोन्ही ओले होते.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कामावरचा होता. घरी कसं न्यायचं, चादर, बायको, सगळं त्याच्या डोक्यातून उडून गेलं होतं. त्याने शांतपणे, जिभेवर वर्षानुवर्षं बसलेल्या आवाजात विचारलं, "ताई, दुसरा ब्रश कुणाचा?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता. तिचे हात खुर्चीच्या हातांवर होते आणि ते तिथून हलले नाहीत, पुढे येऊन एकमेकांत गुंतले नाहीत. ती बराच वेळ विचार करत असल्यासारखी दिसली, म्हणजे उत्तर काय द्यावं याचा नव्हे, उत्तर द्यायलाच हवं का याचा. मग म्हणाली, "ते नाही सांगणार मी."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. नाही सांगणार." ती उठली. "उन्हातनं आलायस. पाणी देते."

खोलीत माठ नव्हता, बाटली होती. ताईने पेला विसळला, भरला आणि त्याच्यासमोर धरला. त्याच्या डोक्यात तोवर बरंच काही चाललं होतं. मैत्रीण असेल, इस्त्रीवाली असेल, कुणी पुरुष असेल, या वयात, शेजारपाजारचे काय म्हणतील, पैसे कुणाच्या घशात जातायत, आणि या सगळ्याला आता कुठलाच अर्ज नाही, कुठलीच फाइल नाही, नाही सांगणार असं म्हणून एक बाई निवांत पाणी ओततेय आणि तिचं कुणी काही बंद करू शकत नाही. यालाच ती मुलगी दिवा म्हणत होती. पेला समोर आला, आणि त्याचा हात वर गेला. तळवा पुढे, बोटं जुळलेली, जसा हजारदा गेला होता तसा. "नको," तो म्हणाला.

मग त्याला आपला हात दिसला. ताईलाही दिसला. पेला तसाच धरून ती उभी राहिली. पूर्वी एकदा अशीच उभी होती, तेव्हा तिला कळलं नव्हतं. आता कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दार उघडताना होता तो हळूहळू उतरला, आणि त्याला तो उतरताना पूर्ण दिसला.

"अच्छा," ती म्हणाली. "तपासणीला आला होतास होय."

तसं नाही, असं त्याला म्हणायचं होतं. आण इकडे, असंही म्हणायचं होतं. हात खाली घ्यायचा, पेला घ्यायचा आणि घटाघटा प्यायचा, एवढंच. पण आता पाणी प्यालं तर ब्रशचं विचारता येणार नव्हतं. हा हिशेब त्याच्या मनात झाला, आणि तेवढा वेळ पुरे झाला. ताईने पेला आपल्या तोंडाला लावला आणि ते पाणी ती प्याली, सावकाश, उभ्या उभ्या, शेवटच्या थेंबापर्यंत, त्याच्याकडे न बघता. मग तिने पेला विसळून पालथा घातला आणि दार उघडून धरलं. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसाच, त्यात काही कमी नव्हतं. "पुढच्या वेळी फोन करून ये, छोट्या," ती म्हणाली. "मला जमणार असेल तर सांगीन." त्याच्या तोंडाशी तोच एक शब्द आला, कशाला. पण घसा इतका कोरडा पडला होता की तो बाहेर निघाला नाही, आणि दार लागलं.